हवालदार, जावई आणि मावशी

प्रिय आई,

फोनवर तू मला दोन वाक्यं बोलू देतेस आणि लगेच फोन ताईच्या चिमुरडीच्या कानाला लावतेस. ती बराच वेळ माझ्याशी श्वास घेते. मला त्याचा आनंदच आहे, पण जे सांगायचं आहे ते तिला सांगून उपयोग नाही. म्हणून कागदावर लिहिते आहे. एका बैठकीत वाच. मध्येच दूध बघायला उठू नकोस.

माझा जाड्या ॲम्प्लिफायर विकून टाका, माझी गिटारही त्याच्याबरोबर द्या, वस्तू वापरात राहिलेली बरी, असं तू बाबांना सांगितलंस. बाबा ‘बरं’ म्हणाले. त्यांचं ‘बरं’ कसं असतं ते तुला माहीत आहे. पुढे बरेच दिवस त्यांनी दुरुस्तीच्या दुकानातली एकूण एक वस्तू झटकून पुसली, जाड्या सोडून. शेवटी मीच गिऱ्हाईक शोधलं. माझ्या प्रयोगशाळेच्या समोर एक दातांचे डॉक्टर आहेत. आमच्याकडे दिवसभर मीटर तपासतात, त्यांच्याकडे दाढा, एवढाच फरक. दुपारी दवाखाना बंद झाला की ते आतल्या खोलीत गिटार वाजवतात आणि रस्त्यापलीकडे आम्हाला ते ऐकू येतं. वाईट वाजवत नाहीत. जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर हवा आहे असं ते म्हणाले तेव्हा मी म्हटलं, आमच्या घरी एक आहे. मी ‘घरी’ म्हणाले, ‘दुकानात’ नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

डॉक्टर येऊन बघून गेले. जाड्याच्या पाठीमागे टॉर्च धरून त्यांनी एकेक व्हॉल्व्ह पाहिला आणि मान हलवली, जणू आता आरशातून मागची दाढही बघणार. बाबा शेजारी उभे होते. कोणीही काही विचारलेलं नसताना ते सांगू लागले की डाव्या बाजूचा ओरखडा जिन्यावरचा आहे. तुम्ही दोघांनी जाड्या वरच्या घरात न्यायचा एकदा प्रयत्न केला होता, मधल्या वळणावर तो अडकला आणि तुला इतकं हसू आलं की तू तुझी बाजू सोडून दिलीस. डॉक्टर ‘अच्छा’ म्हणाले. ओरखड्याची एवढी कहाणी ऐकल्यावर भाव पाडून मागायची त्यांची हिंमत झाली नाही. आधी सगळं तपासून, साफ करून मग देऊ, असं मी सांगितलं आणि ते पुढच्या शनिवारी येतो म्हणून गेले.

तर शनिवारी सकाळी मी जाड्या टेबलावर घेतला. दुकान तसंच आहे. सोल्डरचा वास, कोपऱ्यात उघड्या पडलेल्या स्पीकरच्या जाळ्या, आणि खिडकीशी तुझं उंच स्टूल. त्यावर आता बाबा बिलांचा गठ्ठा ठेवतात. मी गठ्ठा उचलून खाली ठेवला, पण दुपारपर्यंत तो परत स्टुलावर होता.

तुला आठवतं, कोणालाही व्हॉल्व्हचा नंबर सांगून व्हॉल्व्ह मागायची परवानगी नव्हती. कोणी नंबर सांगितलाच तर बाबा म्हणायचे, औषधाचं नाव तुम्हीच सांगताय तर मी कशाला बसलोय. आधी वाजवायचं. गिऱ्हाईक वाजवायला लागलं की बाबा त्याच्या चेहऱ्याकडे बघत नसत, डाव्या हाताकडेही नाही. बघायचे तो उजवा हात. तार छेडणारा. त्यावरून ठरायचं की रेक्टिफायर कोणता बसवायचा. आणि मग ते वाढप्याचं भाषण, जे मला इतकं पाठ झालं होतं की शाळेत विज्ञानाच्या बाईंनी विचारल्यावर मी तेच म्हटलं होतं. भिंतीतून येणारी उलटसुलट वीज सरळ करून बाकीच्या व्हॉल्व्हना द्यायची, हे रेक्टिफायरचं काम. म्हणजे तो वाढपी. बाकीचे जेवायला बसले आहेत. तुम्ही तार जोरात छेडलीत की सगळे एकदम ताटं पुढे करतात. दुकानात रेक्टिफायर तीन प्रकारचे, त्यांना नावं बाबांनीच ठेवलेली. हवालदार असेल तर तो ताठ उभा राहून सगळ्यांना वाढतो, त्याचं काही बिघडत नाही. मावशी असेल तर तिची धांदल उडते, क्षणभर हात आखडतो, मग ती सावरून भरभरून वाढते. त्या क्षणभरात सूर किंचित बसतो आणि मागाहून फुलतो. जावई या दोघांच्या मधला. देह मोठा, स्वभाव ऊबदार, पण स्वतः तापायलाच वीज फार खातो. मावशीपुरत्या ट्रान्सफॉर्मरवर जावई बसवला तर ट्रान्सफॉर्मर जळतो. घरात जावई असलेल्या गिऱ्हाइकांना हे एकदा सांगून कळायचं. ताईच्या लग्नानंतर बाबांनी हा विनोद बंद केला. मग भावजींनीच तो त्यांच्याकडून एकदा म्हणून घेतला.

जोराच्या हाताला हवालदार, नाहीतर सगळा चिखल होतो. हलक्या हाताला मावशी, नाहीतर सूर कोरडा पडतो. हा बाबांचा नियम. ॲम्प्लिफायरचा जीव बघून शंभरदा खात्री करायची, पण निवड करायची ती हात बघून.

आणि तुझ्यासाठी, म्हणजे जाड्यात, जावई. तुझा हात ना जोराचा होता ना हलका. तो नेमका होता. दुरुस्त झालेला प्रत्येक ॲम्प्लिफायर शेवटी तुझ्यासमोर यायचा. तू वरून ओले हात पुसत यायचीस, स्टुलावर बसायचीस, सगळ्या तारा एकदम छेडून एकच सूरसंच वाजवायचीस, थांबायचीस, पुन्हा वाजवायचीस. मी तेव्हा मीटर धरून उभी असायचे. काट्याचा तो जुना मीटर. बाबा मला काटा वाचायला सांगायचे आणि मी ओरडून आकडा सांगायचे. एक हात कायम खिशात ठेवायचा, म्हणजे चुकून दोन्ही हातांनी वीज धरली जाणार नाही, असा दंडक होता. माझ्या फ्रॉकला खिसे नव्हते म्हणून तू सगळ्या फ्रॉकना डावीकडे खिसा शिवून घेतलास, शाळेच्या गणवेशालासुद्धा. मुख्याध्यापिकांनी विचारलं तेव्हा तू सांगितलंस की मुलगी घरी चारशे व्होल्टवर काम करते. त्यानंतर त्यांनी मला कधी कशाबद्दल विचारलं नाही.

मी हे तुला कधी सांगितलेलं नाही, पण तुझं वाजवणं मी आधी काट्यावर पाहिलं, कानांनी नंतर ऐकलं. तुझा हात पडला की काटा वाकायचा आणि तू सूर सोडून दिलास की सावकाश वर यायचा. बाकी कोणी वाजवलं तर काटा नुसता थरथरायचा. तुझ्या हातात तो वाकायचा. मला तेव्हा वाटायचं, तो तुला नमस्कार करतो. पुढे शिकल्यावर कळलं की ती व्होल्टेजची घट आहे, तिची आकडेमोड करता येते. ती मी केली. बरोबर आली. तरी मी मीटरच तपासायची नोकरी धरली, यात तुझ्या हाताचा बराच वाटा असावा.

हॉटेलच्या त्या लांबट हॉलमध्ये तुमच्या चौघांच्या बँडचं वाजवणं असायचं तेव्हा ताई आणि मी मागच्या टेबलाशी बसायचो. लोक जेवत असायचे, चमचे वाजत असायचे. ड्रमवाले काका इतके जोरात वाजवायचे की वेटर त्यांच्या बाजूने पाणी न्यायचा नाही. पण तुझा एकटीचा भाग आला की चमचे मंदावायचे. थांबायचे नाहीत, मी अतिशयोक्ती करत नाही. मंदावायचे. एकदा एक म्हातारे गृहस्थ बिल देऊन उठले होते, ते तसेच खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि तुमचं संपल्यावर बाहेर गेले. ताई म्हणाली, त्यांचे गुडघे दुखत असतील. ती तेव्हाही अशीच होती.

आता शनिवारचं सांगते. मी जाड्या चालू केला, मीटर लावला, आणि काट्याने चढायला वेळ लावला. जावई असता तर काटा ताडकन वर गेला असता, त्याला धीर नसतो. हा सावकाश, शिस्तीत चढला आणि चारशे वीसवर थांबला. तीनशे नव्वदवर थांबायला हवा होता. मी वीज बंद केली, वीज साठवणारे कंडेन्सर रिकामे केले, वाकून पाहिलं. जावयाच्या जागी हवालदार बसलेला होता. बारीक, सरळ, काचेवरचा छाप अजून ताजा. पाठोपाठ मी, व्हॉल्व्हमधून किती प्रवाह जाऊ द्यायचा ते ठरवणारा, बायस पाहिला. तोही नवीन व्होल्टेजला जुळवून नीट लावलेला होता. म्हणजे हे कोणी घाईत, हाताला आला तो बसवून केलेलं नव्हतं. कोणीतरी बसून, काळजीपूर्वक केलं होतं. आणि आपल्या दुकानात असं करणारा माणूस एकच आहे.

केव्हा केलं असेल, हे शोधायला मला फार वेळ लागला नाही. जिन्यात पाय घसरून तुझं उजवं मनगट मोडलं, प्लॅस्टर निघालं, मग तो निळा पट्टा आला आणि तू रोज मातीचा गोळा दाबत बसायचीस. नंतर एका दुपारी तू पट्टा काढून स्टुलावर येऊन बसलीस. बाबांनी जाड्या आधीच तापवून ठेवला होता. ते लगबगीने इकडेतिकडे करत होते. तू एक सूरसंच वाजवलास. थांबलीस. पुन्हा वाजवलास. मग एकेक तार, मग पुन्हा सगळ्या. आम्ही दोघं तुझ्या तोंडाकडे बघत होतो, दुखतंय का म्हणून. दुखत नव्हतं, तू तसं सांगितलंसही. तारा पुसल्यास, गिटार पेटीत ठेवलीस, दोन्ही कड्या लावल्यास आणि म्हणालीस, “झालं.” आणि चहा टाकायला वर गेलीस. त्यानंतर पेटी उघडली गेली नाही. पुढे ताईचा फोन आला की बाळाला सांभाळायला कोणी मिळत नाही, आणि तू इतक्या पटकन ‘येते’ म्हणालीस की ताईलाही नवल वाटलं.

मी अंदाजावर विश्वास ठेवत नाही, म्हणून करून पाहिलं. तुझा निळा पट्टा वरच्या कपाटात होता, इस्त्रीच्या कपड्यांखाली. तो मी माझ्या उजव्या मनगटाला घट्ट बांधला. मला वाजवता येत नाही, पण मोकळ्या तारा छेडता येतात आणि एवढ्याला तेवढं पुरे. पट्ट्यात मनगट वळत नाही, जोर बोटांतून काढावा लागतो, तो एकदा जास्त येतो, एकदा कमी. हवालदारावर मी छेडत राहिले आणि काट्याकडे पाहत राहिले. काटा हललाच नाही. चारशे वीस म्हणजे चारशे वीस. सूर आला, स्वच्छ आला, आणि लगेच विझला. जोर कमी पडलेला प्रत्येक फटका वेगळा दिसत होता, जसे पांढऱ्या कापडावर डाग दिसतात. आई, ते ऐकून मलासुद्धा वाटलं की या हातात काही उरलेलं नाही. आणि तो तर माझा धडधाकट हात होता.

मग जावई बसवला, बायस परत लावला. थोडं बरं वाटलं, पण जावयाला वाकवायला तुझा जुना हात लागायचा. पट्ट्यातल्या हाताला तो दाद देईना. मग मावशी. या ट्रान्सफॉर्मरवर ती बसू शकते, उलट तिला वीज कमीच लागते. पहिला कंडेन्सर तिला झेपेल एवढाच आहे हेही बघून घेतलं. काटा तीनशे साठच्या आसपास आला. आवाज थोडा उतरला, आणि मी छेडलं तसा काटा वाकला. फार नाही. पण वाकला आणि सावकाश वर आला, आणि त्याच्याबरोबर सूरही. कमीजास्त पडलेले फटके एकमेकांत मिसळून गेले. मी किती वेळ छेडत बसले ते मोजलं नाही.

बाबा दारात येऊन उभे होते हे मला उशिरा कळलं. पट्टा बांधलेला हात तसाच ठेवला, हवालदार पुन्हा बसवला आणि त्यांना काटा बघायला सांगून तारा छेडल्या. नंतर मावशी. त्यांना दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. त्यांनी बिलांचा गठ्ठा उचलला आणि स्टुलावर बसले. गठ्ठा मांडीवर. मग म्हणाले की तुला जोर लावावा लागू नये, जरा हात लागला तरी आवाज भरपूर यावा, म्हणून आदल्या दिवशी बसवला होता. तुला कळलं तर तू रागावशील म्हणून सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, हलक्या हाताला मावशी, हा नियम तर तुमचाच. चिडून नाही म्हटलं, खरंच समजत नव्हतं म्हणून विचारलं. दुकानात आलेल्या प्रत्येकाचा हात बघणारा माणूस हे कसं विसरला?

“तिच्या हाताकडे मला बघवत नव्हतं,” ते म्हणाले.

मग त्यांनी फडक्याने हवालदार पुसला, कागदात गुंडाळला आणि खोक्यात ठेवला. चूक काही मोठी नव्हती. उलट ॲम्प्लिफायरच्या दृष्टीने काम उत्तम होतं. तुम्ही दोघंही त्या दुपारी आपापल्या परीने नीटच ऐकत होतात. बाबांनी तुझा आवाज मोठा झालेला ऐकला आणि त्यांना वाटलं, जमलं. तू तुझा सूर कोरडा झालेला ऐकलास आणि तुला वाटलं, संपलं. व्हॉल्व्ह बघायला कोणी वाकलं नाही.

दुपारी दातांचे डॉक्टर आले. मी त्यांना सांगितलं की अजून देता येणार नाही, एक गोष्ट बाकी आहे. त्यांनी टॉर्च खिशात ठेवला आणि म्हणाले, हरकत नाही, आम्हीसुद्धा दात काढायच्या आधी तो वाचतो का ते बघतोच. भले गृहस्थ आहेत. जाताना बाबांनी त्यांना वाजवायला लावलं आणि त्यांचा उजवा हात बघून सांगितलं की तुम्ही हवालदारवाले. डॉक्टरांना तो सन्मान वाटला.

बाकी इथे ठीक आहे. वरच्या नळाचा वायसर बदलला. बाबा भात अजूनही मऊच करतात आणि मी तो खाते. ड्रमवाले काका एकदा येऊन गेले, त्यांना आता कमी ऐकू येतं, आणि ते म्हणतात बायकोने इतकी वर्षं सांगितलं ते खरं ठरलं.

हे सगळं तुला बाबाच सांगणार होते. तसं त्यांनी ठरवलं होतं. रविवारी फोन केला आणि चिमुरडीचा खोकला विचारला. सोमवारी पुन्हा केला आणि पुन्हा खोकलाच विचारला. काल फोन ठेवून ते मला म्हणाले, “तू लिही. मी काय केलं तेही लिही.” म्हणून हे पत्र. मी तुला ये म्हणत नाही. ताईला तुझी गरज आहे आणि चिमुरडी तुझ्याशिवाय झोपत नाही हे मला माहीत आहे. तुझा हात पूर्वीसारखा आहे असंही मी म्हणणार नाही. तो तसा नाही, आणि होणारही नाही. हाडांच्या डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा मी तिथे होते. पण त्या दुपारी तू जे ऐकलंस, तो तुझा हात नव्हता. एवढंच मला खात्रीने सांगता येतं, कारण एवढंच मी तपासलं आहे. जाड्या विकायचाच असेल तर कळव, डॉक्टर केव्हाही नेतील. जागा अडते म्हणून विक, कंटाळा आला म्हणून विक. हात गेला म्हणून विकू नकोस. सध्या त्यात मावशी आहे आणि जावई शेजारी फडक्यात ठेवला आहे. मी मावशी निवडली, पण पट्टा बांधला तरी हात माझाच होता आणि मला वाजवता येत नाही. दोघांमधून कोण, हे तुझ्या हाताशिवाय ठरणार नाही. जाड्याची मागची फळी मी अजून लावलेली नाही.

तुझीच,
धाकटी